लेप्टो : पावसाळ्यात या चुका टाळा

मांडवीत 1896 साली प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हापासून मेलेला उंदीर दिसला की मुंबईकर धास्तावतो. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराच्या, बाबतीत मात्र खरी भीती धडधाकट, जिवंत उंदराची आहे. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात त्यांना फारसा त्रास न देता मुक्काम करतो, लघवीवाटे बाहेर पडत राहतो आणि ओल्या मातीत किंवा साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरू शकतो. त्यामुळे ‘उंदीर चावला नाही, मग काळजी कसली?’ हा समजच पहिली चूक ठरतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यातून वाट काढताना टाचेच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, चपलेच्या पट्ट्याने सोललेली कातडी एवढी वाट या जिवाणूला शरीरात शिरायला पुरते. घरी आल्यावर पाय नुसते पुसू नयेत. साबणाने स्वच्छ धुऊन जखमेवर जंतुनाशक लावावे.

सर्वांत महागात पडणारी चूक त्यानंतरची. ताप बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतो; तोवर तुंबलेले पाणी ओसरलेले असते आणि आपण त्यातून चाललो होतो, हे रुग्ण डॉक्टरांना सांगतच नाही. पोटऱ्यांतील तीव्र वेदना चालण्याच्या श्रमांवर, लाल झालेले डोळे ‘व्हायरल’वर ढकलले जातात आणि अंगदुखीसाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात, ज्यांपैकी काही आधीच धोक्यात आलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे, कारण प्रतिपिंडे रक्तात दिसण्याइतकी वाढायला साधारण आठवडा लागतो. लघवी कमी होणे, कावीळ किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णालय गाठण्यास उशीर करू नये.

पाण्यातून चालून आल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्या, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. जखम होती का, संपर्क एकदाच आला की वारंवार, यावर डॉक्सिसायक्लीन या प्रतिबंधक प्रतिजैविकाची मात्रा ठरते; शेजाऱ्याची उरलेली गोळ्यांची पट्टी वापरणे म्हणूनच अयोग्य. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते.

कुत्र्यांना हा आजार होतो, हे ते पाळणाऱ्या अनेकांना ठाऊकच नसते. रेबीजची लस दिली म्हणजे सगळे झाले, असे ते मानतात. लेप्टोची लस निराळी असून ती दरवर्षी द्यावी लागते. आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. तबेल्यात म्हैस गाभडली (तिचा गर्भपात झाला) किंवा एकाएकी दूध आटले, तर दोष चाऱ्याला देऊन मोकळे होण्याआधी पशुवैद्यकाला बोलवावे, आणि वार (गर्भवेष्टन) किंवा गाभडलेले वासरू हातमोज्यांशिवाय उचलू नये.

राहता राहिला उंदीर. विषारी गोळ्या टाकून जिन्याखालची कचऱ्याची बादली रात्रभर उघडी ठेवली, तर आठवड्याभरात नवे उंदीर हजर होतात.