मान्टा बघायला जाताय? आधी तो काय करतोय ते ओळखा

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या ओळखीतले बरेच जण आता मालदीवला जातात, रिसॉर्ट, व्हेज जेवण सगळं विचारतात पण मान्टा रे (पंख पसरल्यासारखा दिसणारा चपटा, मोठा मासा) दिसल्यावर पाण्यात कसं वागायचं हे कोणी विचारत नाही, म्हणून लिहितेय.

आधी तारखा. मालदीवच्या बा अटोल या बेटसमूहातल्या हनिफारू बे मध्ये मे ते नोव्हेंबर सीझन असतो, तेव्हा प्रवाहाने प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मान्टाचं खाणं) त्या छोट्या खाडीत साचतं, त्यातही पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला जास्त. दिवाळीच्या सुट्टीत सीझन संपत आलेला असतो, नवरात्रीत गरबा सोडून बडोद्याचं कोण जाणार, तर माझं मत पितृपक्षात जा, एका टोकाला पौर्णिमा एका टोकाला अमावस्या. तिथे स्कूबाला (हवेची टाकी लावून खोल बुडी) बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत वरच तरंगणं), म्हणून निघायच्या आधी लालबागच्या स्विमिंग पूलवर हातपाय न आपटता पालथं तरंगायची सवय करा.

मान्टा दिसला की पहिलं तोंडाकडे बघा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना पंख असतात, नुसता पोहत असेल तर ते शिंगांसारखे गुंडाळलेले, उलगडले असतील तर जेवण चालू आहे. तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी गिल्समधून (कल्ल्यांतून) बाहेर जातं आणि प्लँक्टन आत राहतं, दाट सापडलं तर एकाच जागी कोलांट्या मारतो. रीफ मान्टा 3-4 मीटर रुंद, एवढं धूड पोसायचं या बारीक जिवांवर, मग तुम्ही समोर गेलात की तो वळतो आणि घास जातो. 3 मीटर लांब बाजूला राहा, पाठलाग नाही, तो स्वतः जवळ आला तर हलू नका, डंख मारत नाही.

एखाद्या प्रवाळावर संथ घिरट्या घालत असेल तर ते क्लीनिंग स्टेशन, त्याचा दवाखानाच म्हणा, छोटे रास (wrasse) जातीचे मासे अंगावरचे परजीवी आणि जखमेची मेलेली कातडी खातात. तिथे तर अजून लांब थांबा. आणि हात अजिबात लावायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतूंपासून वाचवतो. घेरायचं पण नाही, पोहत राहिला तरच गिल्सवरून पाणी वाहतं आणि त्याला श्वास मिळतो.

फोटो पोटाचा काढा! तिथले ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, तारीख-जागेसकट मान्टा ट्रस्टला (मान्टांचा अभ्यास करणारी संस्था) पाठवला तर तो कोण ते ओळखतात. मादीला साधारण वर्षभराच्या गरोदरपणानंतर एकच पिल्लू होतं, पुढचं कित्येकदा काही वर्षांनी, म्हणून एकेकाची नोंद मोलाची. पंखावर जखम किंवा अडकलेला दोर दिसला तर त्याचाही फोटो घ्या, गाईडला लगेच दाखवा, दोर सोडवायला स्वतः जाऊ नका.