डिबेट बघताना वहीत काय लिहावं

सातारा जिल्ह्यात शिक्षिका होते तेव्हा आंतरशालेय वादविवाद स्पर्धांना मी 20-22 वर्षं परीक्षक म्हणून बसले. आता एडिसनला, न्यू जर्सीत, मुलाकडे राहते. इथली नागरिक झाले, मत देते. 2015 च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षाचे 10 इच्छुक एका ओळीत उभे असलेले टीव्हीवर पाहिले आणि हात आपोआप वहीकडे गेला. तेव्हापासून प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, डिबेट कुठल्याही पक्षाची असो, मी वही घेऊनच बसते. सून म्हणाली, "आई, तुमची पद्धत एकदा लिहून काढा." म्हणून हे.

आधी एक समजून घ्या. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, मतंही जवळपास सारखी. त्यामुळे मुद्द्यांपेक्षा माणूस कसा वाटला यावरच निकाल लागतो, आणि आपण फसतो तेही तिथेच. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'काय म्हणाला', उजवीकडे 'कसा वाटला'. एका बाजूचा गुण दुसऱ्या बाजूला द्यायचा नाही.

पहिली 10 मिनिटं मी आवाज बंद ठेवते. बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्यांकडे बघते. 23 ऑगस्ट 2023 ला मिलवॉकीतल्या रिपब्लिकन डिबेटमध्ये सूत्रसंचालकांनी विचारलं, ट्रम्प खटल्यात दोषी ठरले तरी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा देणार का, हात वर करा. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग हात वर केला. एकही शब्द न बोलता त्या क्षणी बरंच कळलं.

आता पाठांतर. शाळेतली मुलं भाषण घोकून यायची. प्रतिपक्षाने वेगळाच मुद्दा काढला की घोकलेलं कामाला येत नसे. 6 फेब्रुवारी 2016 ला न्यू हॅम्पशायरमधल्या डिबेटमध्ये हेच झालं. फ्लोरिडाचे सिनेटर मार्को रुबिओ, सगळ्यांत आधी मतदान झालेल्या आयोवा राज्यात तिसरे येऊन जोरात होते. ओबामांना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांनी म्हटलं. आमचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिथेच पकडलं: हे 25 सेकंदांचं पाठ केलेलं भाषण आहे. त्यावर उत्तर म्हणून रुबिओंनी जवळजवळ शब्दशः तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी वहीत वाक्याखाली रेघ मारली, मग दुसरी, मग तिसरी. तीनच दिवसांनी न्यू हॅम्पशायरचं मतदान झालं, त्यात रुबिओ पाचवे आले. म्हणून प्रत्येक इच्छुकाचं एखादं लाडकं वाक्य लिहून ठेवा. ते परत आलं की रेघ मारा, आणि त्याआधीचा प्रश्न काय होता तेही लिहा. प्रश्न बदलूनही वाक्य तेच असेल तर दोन्ही बाजूंचे गुण कापा. पण ख्रिस्टींना तरी काय मिळालं? ते सहावे आले आणि शर्यतीतून बाहेर पडले. दुसऱ्याला पाडलं म्हणजे आपण उभे राहिलो असं होत नाही.

विसरण्याचे गुण मी फारसे कापत नाही. काय विसरला ते मात्र बघते. 2011 मध्ये टेक्सासचे रिक पेरी, केंद्राची तीन खाती बंद करणार म्हणाले आणि तिसरं आठवेना. ही डिबेट मला नंतर नातवाने दाखवली. आकडा विसरला असता तर सोडून दिलं असतं, पण हे त्यांचं स्वतःचं आश्वासन होतं. ते ऊर्जा खातं होतं, आणि 2017 मध्ये त्याच खात्याचे ते प्रमुख झाले.

वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही. जनमत चाचण्यांत पुढे असलेले मधोमध उभे असतात आणि त्यांना प्रश्नही जास्त येतात. कडेच्या माणसाला दोनच उत्तरं मिळाली असतील तर त्या दोनांवरच मोजा. टाळ्या मोजू नका. मार्च 2020 मध्ये करोनामुळे डेमोक्रॅटिक पक्षाचे बायडन आणि सँडर्स यांची डिबेट प्रेक्षकांविना झाली; मला सगळ्यांत नीट ऐकू आलेली डिबेट तीच.

संपताक्षणी टीव्ही बंद करा आणि विश्लेषक बोलायच्या आत गुण मांडून टाका. मी एकदा हे केलं नाही, आणि सकाळी वहीत माझं मत कुठलं, त्यांचं कुठलं, हे मलाच सांगता येईना.

वही टाकू नका. ख्रिस्टी 2023 ला मिलवॉकीत पुन्हा त्याच ओळीत होते. त्यांनी तरुण उद्योजक विवेक रामस्वामींना चॅटजीपीटीसारखं बोलणारा माणूस म्हटलं, सभागृहात गलका झाला. मी 2016 चं पान काढलं. तिथे ख्रिस्टींच्या नावापुढे मीच लिहिलं होतं: तरुण प्रतिस्पर्धी, पाठांतराचा आरोप. त्या ओळीखाली मी दुसरी रेघ मारली.