‘चिडचिड’ हा शब्द नेमका कसा वापरावा

झोप अपुरी झालेली असते, उकाडा असतो, वीज गेलेली असते आणि अशा वेळी कुणी साधा प्रश्न विचारला तरी उत्तर तिरकस जाते. मन कशातच लागत नाही आणि जे समोर येईल ते खुपते. अस्वस्थता आणि त्रासिकपणा यांच्या ह्या मिश्रणाला मराठीत ‘चिडचिड’ म्हणतात. ‘चिडणे’ या क्रियापदाच्या धातूची द्विरुक्ती होऊन हे नाम झाले आहे, आणि कटकट, बडबड, वटवट या नामांप्रमाणे तेही स्त्रीलिंगी आहे. द्विरुक्तीमुळे क्रिया पुन्हापुन्हा घडत असल्याचा अर्थ येतो. म्हणून राग क्षणभर येऊ शकतो, पण चिडचिड ‘सारखी’, ‘दिवसभर’ किंवा ‘हल्ली फार’ होते. ‘त्याची एका क्षणात चिडचिड झाली’ हे वाक्य त्यामुळेच खटकते. तिथे ‘तो चिडला’ असे लिहावे.

वाक्यरचनेत ‘राग’ आणि ‘चिडचिड’ यांचे मार्ग वेगळे आहेत. राग ‘मला’ येतो, चिडचिड मात्र ‘माझी’ होते. ‘मला चिडचिड होते’ असे बोलण्यात ऐकू येते, पण लेखनात ‘माझी चिडचिड होते’ हीच रचना स्वीकारावी, आणि ‘चिडचिड येते’ हा प्रयोग टाळावा. ‘त्याचा राग’ म्हटले की त्याला आलेला राग आणि त्याच्याविषयी वाटणारा राग असे दोन्ही अर्थ निघतात. ‘त्याची चिडचिड’ म्हटल्यावर चिडचिड त्याचीच, यात संदिग्धता उरत नाही. कारण सांगायचे असेल तर ‘मुळे’ किंवा ‘ने’ वापरावे (उकाड्याने, आवाजामुळे), आणि चिडचिड ज्याच्यावर निघते त्याला ‘वर’ लावावे: ‘भूक लागली की ती सगळ्यांवर चिडचिड करते.’ विभक्तीपूर्वी शब्दाचे सामान्यरूप ‘चिडचिडी’ होते, म्हणून ‘चिडचिडीमुळे’, ‘चिडचिडीने’.

सर्वांत अधिक काळजी घ्यायची ती ‘होणे’ आणि ‘करणे’ यांत निवड करताना. ‘बाबांची हल्ली चिडचिड होते’ या वाक्यात बाबांना काहीतरी त्रास आहे, हे बोलणाऱ्याने मान्य केलेले असते; ‘बाबा हल्ली चिडचिड करतात’ या वाक्यात तोच त्रास त्यांच्या वागण्याचा दोष ठरतो. आजारी, वृद्ध किंवा दमलेल्या माणसाविषयी लिहिताना हा फरक मनात ठेवायलाच हवा, कारण वाचणारा त्या एका क्रियापदावरून त्या माणसाविषयी मत बनवतो. विशेषणाचेही तसेच आहे: ‘तो चिडचिडा आहे’ हा स्वभावावर मारलेला शिक्का आहे, तर ‘तो चिडचिडा झाला आहे’ म्हटले की पूर्वी तो तसा नव्हता, हेही सांगितले जाते. डॉक्टरांना रुग्णाची माहिती देताना दुसरे वाक्यच उपयोगाचे, कारण बदल कळणे महत्त्वाचे असते. भाववाचक नाम ‘चिडचिडेपणा’ असे होते, जसे वेडेपणा, शहाणेपणा. ‘चिडचिडापन’ हे हिंदी रूप अनुवादित मजकुरातून मराठीत शिरू पाहते. ते तिथेच दुरुस्त करावे.

जवळचे शब्द पुष्कळ आहेत, पण एकाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही. ‘चुळबुळ’ शरीराची असते आणि तिच्यात राग असेलच असे नाही. व्याख्यान लांबले की श्रोते चुळबुळ करतात. ‘किरकिर’ तान्ह्या बाळाची, किंवा मोठ्यांच्या तोंडची सततची तक्रार. ‘तगमग’ आणि ‘घालमेल’ यांत त्रागा नाही, यातना आहे: पहिली तापाने किंवा विरहाने होते, दुसरी निर्णय होत नसताना अथवा काळजीने. ‘चरफड’ मात्र अर्थाने फार समृद्ध शब्द आहे, आणि तो आज मागे पडतो आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. राग तर खूप आहे पण काही करण्याची सोय नाही, अशा असहाय अवस्थेसाठी त्याच्याइतका नेमका शब्द नाही: वरिष्ठांनी सर्वांदेखत अपमान केला आणि तो मनातल्या मनात चरफडत राहिला. इथे ‘त्याची चिडचिड झाली’ लिहिल्यास अपमानाचे वजनच निघून जाते. माणसामाणसांतील दबलेल्या नाराजीला ‘धुसफूस’ म्हणावे. राजकीय पक्षांच्या बातम्यांत हा शब्द योग्य ठिकाणी येतो.

‘चीड’ आणि ‘चिडचिड’ यांची गल्लत तर कधीच करू नये. ‘चीड’ अन्यायाची, लाचखोरीची, क्रौर्याची येते. तिला विषय असतो आणि तिच्यामागे न्यायबुद्धी असते. ‘स्त्रियांवरील अत्याचाराच्या बातम्या वाचून माझी चिडचिड होते’ असे लिहिणारा नकळत आपल्याच भावनेला क्षुल्लक ठरवतो. तिथे ‘चीड येते’ किंवा ‘संताप येतो’ असेच लिहावे, आणि ‘चीड’मधली ‘ची’ दीर्घ काढावी. ‘चिडी’ या सामान्यरूपात (‘चिडीने’) ती ऱ्हस्व होते.