पॅनिक अटॅक: तो थांबवण्याच्या घाईत होणाऱ्या या चुका टाळा

ठाणे सुटलं की माझी फास्ट लोकल थेट घाटकोपरला थांबायची. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती मध्येच सिग्नलला उभी राहिली आणि माझ्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. श्वास घेत होते, पण तो पुरत नव्हता. शेजारच्या बायकांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटायला लागले. आता आपण मरणार, एवढंच डोक्यात होतं. घाटकोपरला दोघींनी मला धरून उतरवलं. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून मला घरी पाठवलं.

याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मला आठ महिन्यांनी कळलं. तोवर मी जे जे केलं त्यातल्या बहुतेक गोष्टींनी त्रास वाढला. ते सगळं एकाच हट्टापायी होतं, की ही भीती आत्ताच्या आत्ता गेली पाहिजे.

आधी शरीरात काय घडतं ते बघू. धोका दिसला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, घाम फुटतो. पायाशी साप निघाला तर या सगळ्याचा अर्थ लगेच लागतो. गाडीत साप नसतो, म्हणून मन कारण शरीरातच शोधतं आणि धडधडीला हार्ट अटॅक ठरवतं. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी हे चक्र १९८६ साली मांडलं आणि आजची उपचारपद्धती बरीचशी त्यावर उभी आहे. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. काहीही केलं नाही तरी ओसरतो.

तपासणी न करणं, आणि करतच राहणं

पहिल्या वेळी "पॅनिकच असेल" असं घरच्या घरी ठरवू नका. छातीवर दाब आला, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, चालताना त्रास वाढला, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा. मधुमेही माणसांत आणि बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं कधी कधी फार अस्पष्ट असतात, तिथे तर अंदाज बांधूच नये. थायरॉइड वाढलेला असला, हिमोग्लोबिन किंवा साखर उतरली, तरी असंच घाबरं होतं. म्हणून एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्याच.

मात्र एकदा सगळं नॉर्मल आल्यावर थांबायला हवं, तिथे मी थांबले नाही. आठ महिन्यांत चार ईसीजी आणि दोन टू-डी इको झाले. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असायचा. रात्री दोनला बोट त्यात घालायचं, ९८ दिसले की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा बोट आत. प्रत्येक वेळी मोजून मी शरीराला हेच शिकवत होते की इथे लक्ष ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

"मोठा श्वास घे"

हा सल्ला सगळे देतात, आणि चांगल्या मनाने देतात. पण घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या, बधिर ओठ, गरगरणं यातलं बरंचसं त्यानेच होतं. त्यात आणखी मोठमोठे श्वास घेतले तर लक्षणं वाढतात आणि माणूस अजून घाबरतो.

लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. नाकातून चार आकडे मोजत साधा श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत, गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठ मिटत आणून हळूहळू सोडा. खांदे वर उचलले जायला नकोत, पोटावर ठेवलेला हात हलला पाहिजे. रोज बरं वाटत असताना पाच मिनिटं याचा सराव केलेला असेल तरच अटॅकमध्ये ते आठवतं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा उपाय मात्र करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर त्याने ऑक्सिजन धोकादायक इतका कमी होऊ शकतो.

आणि दर दोन श्वासांनंतर "गेला का, गेला का" असं तपासत बसू नका. पायाखालची फरशी, हातातली दांडी, खिडकीबाहेरच्या पाट्या यांच्याकडे लक्ष न्या. धडधड असेल तर असू दे.

टाळत जाणं

सगळ्यात महाग पडली ती ही चूक. आधी मी फास्ट सोडून स्लो धरली, कारण दर दोन-तीन मिनिटांनी उतरता येतं. मग फक्त दाराजवळ उभी राहायला लागले. मग कॅब. मग आठवड्यातून तीन दिवस घरून काम. मग लग्नाच्या हॉलमध्ये दाराशेजारची खुर्ची. प्रत्येक वेळी टाळल्यावर इतकं हायसं वाटायचं की तोच उपाय वाटायचा. खरं तर त्या हायसं वाटण्यातूनच मेंदू शिकत होता, की लोकल खरंच धोक्याची होती, बरं झालं वाचलो.

पर्समध्ये पाण्याची बाटली, पेपरमिंट आणि गोळ्यांची स्ट्रिप असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नव्हते. या कुबड्यांचंही तसंच असतं. सुखरूप पोहोचल्याचं श्रेय बाटलीला जातं, आपल्याला कधीच मिळत नाही.

यावर उपाय पायरी-पायरीने झाला. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला भीतीची शिडी लिहायला लावली. सगळ्यात खालची पायरी होती दुपारी रिकाम्या गाडीने डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन. मग दिवा, मग ठाणे, आणि सगळ्यात वर सकाळी साडेआठची फास्ट. नियम एकच: भीती टोकाला असताना उतरायचं नाही, ती निम्म्यावर येईपर्यंत गाडीत राहायचं. कोपरला पहिल्या दिवशी ती निम्म्यावर आली नाही, म्हणून मी दिव्यापर्यंत गेले. मांडीवरच्या ओढणीचं टोक पिळून पिळून चुरगळलं होतं. पण दिवा यायच्या आत छाती सैल झाली, आणि मी काहीही न करता ती झाली, हे मला पहिल्यांदा दिसलं. आठवड्यातून चार वेळा, जवळजवळ तीन महिने हे चाललं.

बाई मला खुर्चीत गोल फिरायला आणि जागच्या जागी एक मिनिट धावायलाही लावायच्या. तीच धडधड, तीच गरगर मुद्दाम आणायची आणि त्याने काही होत नाही हे अनुभवायचं. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेजारणीची गोळी

अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाची अर्धी गोळी मला शेजारच्या एका काकूंनी दिली होती. वीस-पंचवीस मिनिटांत बरं वाटलं, आणि धोका तिथेच आहे. या गटातल्या औषधांची सवय लागते आणि रोजची गोळी एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. कोणी आधीपासून घेत असेल तर स्वतःहून तोडू नका, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. रोज घ्यायची जी नैराश्यविरोधी औषधं पॅनिकसाठी देतात, त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अस्वस्थता वाढू शकते आणि नेमकी तेव्हाच बरीच माणसं ती सोडून देतात. सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

रिकाम्या पोटी चहा-कॉफी, जागरण, "झोप लागावी म्हणून" घेतलेली दारू, या तिन्हींनी दुसरा दिवस बिघडतो.

घरच्यांसाठी

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे मी खूप ऐकलं. १८७१ साली जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड, छातीतलं दुखणं आणि दम लागणं नोंदवून ठेवलं, आणि त्यांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. त्रास जुनाच आहे, नाव नवीन आहे.

"विचार करू नकोस" म्हणू नका, त्या क्षणी ते हातात नसतं. भोवती गर्दी करू नका, दर मिनिटाला "आता कसं वाटतंय" विचारू नका. शेजारी बसा, हळू बोला, कमी बोला.

मदतीला उशीर करू नका. औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात, बोलून उपचार मानसोपचारतज्ज्ञ करतात, कधी दोन्ही लागतं. सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर आजच फोन करा, कोणाला तरी शेजारी बसवून करा.

माझी आई सुरुवातीला मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढायची. तिचा जीव तुटत होता, दुसरं काय करावं तिला कळत नव्हतं. गेल्या दिवाळीत फराळाच्या गडबडीत मला पुन्हा धडधडलं. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. "सोड श्वास," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने आम्ही उरलेल्या चकल्या तळल्या.