घरचं चोळायचं तेल: कातडी भाजण्याआधी या चुका टाळा

मावशीच्या खांद्यावर तळहाताएवढा फोड आला, तो मी केलेल्या तेलाने. अर्धं आयुष्य मान खाली घालून विड्या वळल्यावर खांदा धरणारच. त्या रात्री तिने आधी दुकानातला बाम चोळला, त्यावर माझं कापराचं तेल, आणि वरून गरम पाण्याची रबरी पिशवी. सकाळी विचारलं तर म्हणाली, "मला काय कळलंच नाही बे, गार वाटायलं होतं."

गोची त्या गारव्यातच आहे. पेपरमिंटचं फूल, म्हणजे मेन्थॉल, कातडी थंड करत नाही. ते थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना नुसतं उठवतं. खाली कातडी भाजत असली तरी वर गारवाच जाणवतो. त्यात शेकाने औषध जास्त वेगाने आत शिरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अशा मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता. गंभीर तक्रारी बहुतेक ३ टक्क्यांहून जास्त मेन्थॉल किंवा त्याच्या जोडीला १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट (म्हणजे विंटरग्रीन तेलातला मुख्य माल) असलेल्या मलमांच्या होत्या. बामच्या डबीमागची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचा. एका वेळी एकच लावायचं. वर शेक नाही, आवळून क्रेप बँडेज नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घामेजलेल्या अंगावर तर हात राखूनच.

आता तेल करतानाच्या चुका. कापूर, पेपरमिंटचं फूल आणि ओव्याचं फूल एका बाटलीत घातलं की न तापवता त्याचं पाणी होतं. हीच अमृतधारा. पातळ झालं म्हणजे जोर कमी झाला, असं अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. ते एकमेकांचा वितळणबिंदू खाली खेचतात, एवढंच. कापूर एकटा वितळायला १७५ अंशांच्या पुढे जावं लागतं, पेपरमिंट मात्र ४२ च्या आसपास पाझरतं. (मेमध्ये डबीतले खडे चिकटून गोळा झाले तर खराब समजून फेकू नका.) बाटलीतलं ते पाणी म्हणजे निव्वळ अर्क, तो थेट कातडीवर नको. माझं माप: १०० मिली तिळाच्या तेलात कापूर ५ ग्रॅम, पेपरमिंट ३ ग्रॅम, छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून. चमच्याचं माप धरू नका; पूड आणि खडे चमच्यात सारखे बसत नाहीत. तेल कोमट करा, गॅस बंद करा, भांडं खाली उतरवा आणि मगच मिसळा. कढत तेलात कापूर टाकला की निम्मा वाफ होऊन डोळ्यांत जातो, आणि शेजारी शेगडी पेटलेली असेल तर भडका.

थंडीत, म्हणजे जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, बाटलीच्या तळाशी सुया-खडे दिसले तर तेल बिघडलेलं नसतं, माल जास्त झालेला असतो. बूच सैल करून बाटली गरम पाण्यात उभी करा, आणि थोडं साधं तेल वाढवा. आणखी एक. करडईचं तेल घरात असतंच म्हणून तेच वापरू नका. पिठल्यावर ते झकास, पण ठेवून वापरायच्या तेलाला नाही. हवा लागून लवकर खवट होतं आणि खवट तेल कातडीला खाजवतं. तीळ जास्त टिकतो.

मुरगळल्यावर चुना-हळद लावतात. दोन्ही एकत्र आल्यावर लाल होतं, ते औषध 'चढल्याचं' लक्षण नाही. चुन्याच्या खारेपणाने, म्हणजे अल्कलीने, हळदीचा रंग पालटतो, बस. ओला चुना जबर खार असतो, त्यावर रात्रभर पट्टी बांधली तर कातडी सोलवटते. आधी बाम लावलेल्या जागी तर मुळीच नको.

टर्पेंटाईनबाबत माझं मत कडक आहे. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन अंगाला लावायचं नाही, रॉकेल तर नाहीच. चिडाच्या डिंकापासूनचं खरं टर्पेंटाईनसुद्धा उघडी बाटली जुनी झाली की हवेने बदलतं, आणि मग ॲलर्जी आणतं. त्याची वाफ साधारण ३५ अंशांपासून पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात आपली पत्र्याची खोली त्याहून तापलेली असते. टर्पेंटाईनमध्ये आयोडीन कधीच मिसळू नका, मिश्रण उसळतं.

साबणाचं पांढरं लिनिमेंट, म्हणजे चोळायचं दुधाळ औषध, फाटलं, वर दह्यासारखे कण आले, तर आधी पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम साबणाला धरतो. लिंबू किंवा व्हिनेगर घातलं तरी तेच. उकळून गार केलेल्या पाण्यापेक्षा डिस्टिल्ड पाणी घ्या.

तेल जांभळट पडलं? झाकण बघा. मिथाइल सॅलिसिलेट गंजाशी भेटलं की जांभळा रंग येतो. बाटली काचेची, गडद रंगाची; स्वस्त प्लास्टिक या तेलांनी मऊ पडतं.

बिब्बा घालायचा हट्ट धरणारे अजून भेटतात. बिब्बा उतून अंगावर फोड उठलेले एकदा पाहिलेला माणूस पुन्हा हट्ट धरत नाही.

नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. ॲलर्जी उशिरा उठते. झोंबायला लागलं तर नुसतं पाणी ओतू नका, आधी साध्या तेलाने पुसून घ्या, मग साबण. जखमेवर, डोळ्यांजवळ, दोन वर्षांखालच्या बाळाला काहीच नको. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर सॅलिसिलेटचं बाम डॉक्टरांना विचारूनच.

आणि टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत हे तेल भरू नका. चमचाभर, म्हणजे ५ मिली विंटरग्रीन तेलात जवळपास ७ ग्रॅम ॲस्पिरिनएवढा माल असतो. लहान मुलाचा जीव जायला तेवढं पुरतं. कापराने झटके येतात. पोटात गेलंच तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता बाटली हातात घेऊन थेट सिव्हिल गाठा. मावशीच्या बाटलीवर आता मी लाल पेनाने 'पिऊ नये' लिहिलंय, आणि खाली 'पिशवी नको'.