मोर्ले ते नांत : मोटार नसलेल्या वाटेची तयारी

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणाऱ्या पुणे-मुंबईच्या सायकलवाल्यांना लूदेआक आणि कारे ही नावं पाठ असतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलफेरीचे हे कंट्रोल पॉइंट. ९० तासांत १,२०० किलोमीटर कापायच्या घाईत, अर्धवट झोपेत पाहिलेली, वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीतली गावं. त्याच मुलखातून एक दुसरी वाट जाते, घाई नसलेल्यांसाठी. मोर्लेहून कारेपर्यंत जुन्या मीटरगेज रेल्वेचा मार्ग, रूळ काढून सपाट केलेला. पुढे नांत-ब्रेस्ट कालव्याचा काठ थेट नांतपर्यंत. एकूण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. खाली बहुतेक ठिकाणी दाबून बसवलेली बारीक खडी, वर लांबलांब पट्ट्यांत ओक आणि बीचची सावली. अशा वाटेला फ्रान्समध्ये ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात आणि २००४ पासून तिला कायद्यात जागा आहे : फक्त पायी चालणारे, सायकली आणि घोडेस्वार. इंजिन लावलेलं वाहन खास परवानगीशिवाय आलं तर ते चुकीचं आलेलं असतं.

आगगाडीला आणि होडीला जेवढा चढ चालतो तेवढाच इथे आहे. वरंधा किंवा ताम्हिणी चढलेल्या माणसाला पायांची तयारी वेगळी करावी लागत नाही. तयारी करायची ती बाकीच्या गोष्टींची, आणि नेमक्या त्याच मागे पडतात.

आधी महिना ठरवा. मे-जून किंवा सप्टेंबरचा पहिला भाग उत्तम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशिरा निघालात तरी फरक पडत नाही. ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर, तेव्हा मुक्कामाची जागा आधी धरलेली हवी. पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. कोकणातल्यासारखा कोसळत नाही, पण भुरभुरत दिवसभर पिच्छा सोडत नाही. चांगलं रेनजॅकेट घ्याच, आणि सायकलला मडगार्ड लावा. ओली खडी चेनमध्ये आणि पाठीवर कशी जाते ते पहिल्याच तासात कळतं. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून मोर्लेहून नांतकडे जा, उलट नको.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा हे काम पहिलं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण त्यात सायकलिंग धरलंय का ते बारीक अक्षरांत वाचून घ्या.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? आठवड्याभराच्या फेरीसाठी माझं मत भाड्याच्या बाजूने. विमानात बॉक्स, पॅरिसमध्ये स्टेशन बदलताना बॉक्स, मोर्लेत तो बॉक्स ठेवायचा कुठे हा वेगळा प्रश्न. ई-सायकल हवी असेल तर पर्यायच नाही, कारण तिची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. भाड्याने घेताना दोनच गोष्टी ठासून विचारा : टायर किती रुंद, आणि मागे पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लावायला रॅक आहे का. ३५ मिमीच्या वरचं टायर हवं, ४० असेल तर उत्तम. सत्तर किलोच्या माणसाने ४० मिमीच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय हवा ठेवावी. रस्त्यावरच्या सवयीने टम्म फुगवलंत तर खडीवर हात बधिर होतात.

सोबत दोन ट्यूब, पॅच, लीव्हर, मिनी पंप, मल्टीटूल, चेनचं तेल आणि तुमच्याच सायकलच्या मापाचे डिस्क ब्रेकचे पॅड. ओल्या वाळूत पॅड झिजतात आणि गावातल्या दुकानात नेमकं तुमचं माप नसतं. पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच. सोलर पॅनेल घरी ठेवा, दिवसभर झाडाखालून जायचंय. इथल्या मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि जीपीएक्स ट्रॅक (फोनवर वाट दाखवणारी फाइल) डोळ्यांनी तपासा, कारण वाटेत एक गंमत आहे. गेर्लेदांचं धरण १९२३ ते १९३० मध्ये बांधलं, तेव्हा कालव्याची, होड्या चढवायची-उतरवायची १७ लॉकगेटं पाण्याखाली गेली. कालव्याच्या जुन्या रेषेवर आखलेला ट्रॅक तुम्हाला सरळ तळ्यात नेतो. खरी वाट बों रपोच्या मठापासून उत्तरेकडे वळून जुन्या रेल्वेमार्गाने म्यूर-द-ब्रताञला येते. तळ्याच्या दक्षिणेला केनेकां जंगल आहे. पाय मोकळे करायचे असतील तर त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा.

आणखी दोन ठिकाणी वेळ राखून ठेवा. मोर्ले-कारे टप्प्यात थोडं आत वळून ह्युएलगोआतचं जंगल : घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळा, आणि त्यातली एक, शंभरेक टनांची, नेमक्या जागी पाठ लावून रेटली तर हलते. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात इथली झाडं आडवी झाली होती, म्हणून आजचं बरंचसं रान तरुण आहे. दुसरं ठिकाण ग्लोमेल. कालव्याचा सर्वांत उंच भाग पार करायला इथे सुमारे तीन किलोमीटरची खिंड खोदली, काही ठिकाणी २० मीटरहून खोल. १८२३ ते १८३२ पर्यंत हे काम कैद्यांनी कुदळ-फावड्यानं केलं. इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी केली तेव्हा नेपोलियनला आतून जाणारा जलमार्ग हवा होता. तो पुरा होईपर्यंत नेपोलियनही नव्हता आणि नाकेबंदीही नव्हती. सायकलवाल्यांची मात्र सोय झाली.

आता खाणं, कारण बरेच बेत इथे फसतात. खेड्यातली बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद, पुष्कळदा सोमवारी. दुकानं दुपारी साडेबारा ते अडीच-तीन बंद, रविवारी दुपारनंतर सगळंच बंद. जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, सव्वादोनला पोचलात तर मालक हसून नाही म्हणेल. म्हणून सकाळी निघतानाच पाव, चीज, फळं पॅनियरमध्ये टाका, आणि इथून नेलेल्या चिक्की, राजगिरा लाडवांना कमी लेखू नका. शाकाहाऱ्यांना ब्रिटनी फ्रान्सच्या इतर भागांपेक्षा सोपी जाते, कारण इथे कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे पातळ धिरडं, गावोगाव मिळते. पण नेहमीच्या ‘कोंप्लेत’मध्ये अंडं आणि चीजबरोबर हॅम असतो. ‘सां जांबों’, म्हणजे हॅमशिवाय, एवढं तोंडपाठ करा, आणि मशरूमच्या गालेतमध्येही मांसाचे तुकडे नाहीत ना ते विचारा.

पाण्याच्या दोन बाटल्या तरी हव्यात. जंगलाच्या पट्ट्यात नळ नाही. भरायची हमखास जागा म्हणजे गावाची दफनभूमी. तिथे फुलांना घालायला नळ असतो आणि स्थानिक सायकलवालेही तिथेच थांबतात. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी प्यायचं नाही.

गोचीड हा विषय आपल्याकडे गुरांचा वाटतो, तिथे तो माणसांचा आहे. पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावलेलं कळत नाही. तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. गवतात टेकलात, झुडपात शिरलात, की संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघा. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा छोटा आकडा मिळतो, पहिल्याच दिवशी घ्या. तो कातडीलगत सरकवायचा, हलकेच फिरवत उचलायचा. तेल, रॉकेल, काडी असले घरगुती उपाय करायचे नाहीत. त्या जागी पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर भारतात परतला असलात तरी डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. आपल्याकडे ते लगेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

सप्टेंबरच्या मध्यानंतर जाणार असाल तर शिकारीचा हंगाम लक्षात घ्या, तो फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. ‘शास आं कूर’ अशी पाटी वाटेत उभी दिसली की पुढे शिकार चालू आहे. भडक नारिंगी जॅकेट घाला, आवाज करत जा, बंदूकवाला दिसला तर थांबून बोला. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जॅकेट तसंही कायद्याने सक्तीचं आहे. घंटी, पुढे-मागे दिवे हवेतच. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांनीही घालावं. इअरफोन लावून सायकल चालवायला बंदी आहे.

वाटेवर मोटार नसली तरी ही वाट डांबरी रस्ते ओलांडते, आणि धोका असतो तो तिथेच. तासभर निवांत चालवून माणूस गाफील होतो. गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे जवळच्या लेनमधली गाडी डावीकडून येणार. आपली मान सवयीनं आधी उजवीकडे वळते. प्रत्येक ओलांडणीला पाय टेकवाच. तिथले लोखंडी अडसर अरुंद असतात, रुंद पॅनियर अडकतात. अडीअडचणीला फोन ११२.

मुक्कामासाठी गावचे म्युनिसिपल कँपिंग स्वस्त आणि स्वच्छ असतात. छपराखाली झोपायचं तर ‘आक्यॉय व्हेलो’ची पाटी शोधा. ही घरं, हॉटेलं वाटेपासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल कुलपात ठेवायला जागा देतात. पोंतिवी, जोसलँ, मालस्त्र्वा, रदों ही मुक्कामाची सोयीची गावं. जोसलँला नदीकाठी किल्ला आहे, तिथे दुपारीच पोचा.

परतीचं तिकीट जातानाच काढा. टीजीव्ही या वेगवान रेल्वेगाडीत अख्ख्या सायकलला मोजक्या जागा असतात, काही गाड्यांत नसतातच, आणि त्या जागा आधी आरक्षित कराव्या लागतात. सायकल स्वतःची असेल तर नांतला पोचायच्या दोन दिवस आधी तिथल्या एखाद्या सायकलच्या दुकानाला फोन करून पुठ्ठ्याचा रिकामा बॉक्स बाजूला ठेवायला सांगा. रविवारी पोचणार असाल तर शनिवारीच कुणाकडून तरी तो उचलायची सोय करा, कारण रविवारी दुकान बहुधा बंद असेल.