हब डायनामोवर मोबाइल चार्ज करताय? या चुका टाळा

हब डायनामो, म्हणजे सायकलच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारं, चाक फिरलं की वीज देणारं यंत्र. तो घरातला प्लग नव्हे. एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात शिरलं, तर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या पार्ट्सवाल्यांचा निम्मा धंदा बसेल. प्लगमध्ये व्होल्टेज ठरलेलं असतं आणि करंट लागेल तेवढा मिळतो. डायनामोचं नेमकं उलटं. करंट साधारण अर्ध्या अँपिअरवर अडकतो आणि व्होल्टेज वेगानुसार, लोडनुसार (जोडलेली वस्तू किती वीज ओढते त्यानुसार) हलत राहतं. '६ व्होल्ट, ३ वॅट' हा आकडा ताशी १५ किलोमीटरचा, तोही १२ ओहमचा लोड लावलेला असतानाचा. लोड काढून वेग वाढवलात की ते ६ व्होल्ट कुठल्या कुठे जातात.

चार्जरचं सर्किट तीन भागांचं: डायनामोच्या एसीचा डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज, तो डीसी सपाट करणारा कपॅसिटर आणि त्यातून फोनसाठी ५ व्होल्ट काढणारं मॉड्यूल. सर्वांत महागात पडणारी चूक याच अज्ञानातून होते: २५ व्होल्टचा कपॅसिटर. सिंहगडाचा नेहमीचा प्रसंग घ्या. घाट चढताना वेग सात-आठ, त्यामुळे चार्जिंग सुरूच होत नाही. वर गेल्यावर फोटोसाठी फोन काढला जातो. मग पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही, आणि फोन खिशातच राहतो. उतरताना वेग ताशी ४०-४५, लोड शून्य. डायनामोचं व्होल्टेज चाळिशी पार करतं. हँडलबॅगेत 'फट्' असा आवाज, जळका वास, आणि झाकण उघडावं तर कपॅसिटरचं डोकं फुटलेलं. शेजारचं ५ व्होल्ट काढणारं एलएम२५९६ मॉड्यूलही गेलेलं असतं, कारण त्याची मर्यादाच ४० व्होल्ट. हे मॉड्यूल नुसतं मेलं तर नशीब समजा. आतला स्विच शॉर्ट झाला, तर पुढच्या वेळी इनपुटचं सगळं व्होल्टेज थेट फोनमध्ये जातं.

उपाय सांगतो, त्यात काटकसर करू नका. ब्रिजसाठी १०० व्होल्टचे शॉट्की डायोड. त्यामागे २२०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर. मॉड्यूल 'एचव्ही' प्रकारचं, म्हणजे ६० व्होल्ट झेलणारं, आणि त्याच्यावर आधीच बसवलेल्या इनपुट कपॅसिटरचा आकडाही वाचा. तिथे बऱ्याचदा ३५ किंवा ५० लिहिलेलं सापडतं. तो काढून ६३ चा लावा. पण खरा उपाय दहा-वीस रुपयांचा आहे: डायनामो आणि ब्रिज यांच्यामधल्या एका वायरवर खटका. फोन काढला की आधी खटका बंद. डायनामो मोकळा फिरला तर त्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते पुढच्या सर्किटचं. मोठा उतार लागला तर ६३ व्होल्टचाही भरवसा नको, म्हणून खटका हवाच.

मॉड्यूलऐवजी ७८०५ ही ५ व्होल्टची साधी रेग्युलेटर चिप लावणाऱ्यांसाठी फार वेळ घालवत नाही. त्याला इनपुटला किमान ७ व्होल्ट लागतात, वरचे सगळे तो उष्णतेत घालवतो आणि वेग कितीही वाढवला तरी अर्ध्या अँपिअरच्या वर देत नाही. एलएम२५९६ सारखं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल तेच जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देतं. 'पण ७८०५ सोपा आहे' हे कारण ऐकून कान किटले आहेत.

आता दुसरं दुखणं: सिग्नल. कर्वे रोडवरून जाताना दर थोड्या अंतरावर थांबावं लागतं. ताशी १०-१२ च्या खाली ५ व्होल्ट टिकत नाहीत, फोन चार्जिंग तोडतो, हिरवा लागला की पुन्हा जोडतो. प्रत्येक वेळी स्क्रीन उजळते. मिळालेली वीज दाखवण्यातच खर्च! त्यात वेग कमी होत असताना फोन तेवढीच पॉवर ओढत राहिला, तर मॉड्यूल इनपुटकडून जास्त करंट मागतं, डायनामोकडे तो नसतो आणि व्होल्टेज कोसळतं. मग वेग पुन्हा वाढला तरी केबल काढून लावल्याशिवाय गाडी रुळावर येत नाही.

म्हणून फोन थेट लावूच नये. दिवसभर डायनामोवर पॉवर बँक भरायची, रात्री पॉवर बँकेवर फोन. उतावीळ मंडळींना हे पटत नाही, त्यांना बॅटरीचा आकडा चालत्या सायकलवर वाढताना बघायचा असतो. हिशोब साधा आहे. ताशी १८-२० च्या वेगाने तासाला सुमारे अडीच वॅट-तास हाती लागतात. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची, म्हणजे तासाला १२-१३ टक्के, तेही गळती न धरता. १०,००० ची पॉवर बँक ३७ वॅट-तासांची. सहा तास पाय मारूनही ती निम्मी भरत नाही. फास्ट चार्जिंगचा विषय इथेच संपला.

शिमानोच्या हबमध्ये एक टर्मिनल एक्सलला, म्हणजे फ्रेमला जोडलेलं असतं. सर्किटचं निगेटिव्ह धातूच्या डब्याला लावून डबा हँडलवर कसला, की ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो आणि अर्धी लहर वाया जाते. चार्जिंग 'होतं, पण कमी होतं' या तक्रारीमागे बहुधा हेच निघतं. मल्टीमीटर बीप वाजवणाऱ्या (कंटिन्युइटी) खुणेवर ठेवून त्याचं एक टोक आउटपुटच्या निगेटिव्हला, दुसरं हँडलच्या उघड्या धातूला लावा. बीप वाजला तर प्लास्टिकचा डबा घ्या.

मल्टीमीटर डीसीवर ठेवून 'डायनामो मेलाय' म्हणू नका, तो एसी देतो. तपासायचं तर १२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून चाक फिरवा.

रात्री दिवा आणि चार्जिंग एकत्र नको. अर्ध्या अँपिअरचे दोन वाटेकरी झाले की खड्डा दिसत नाही.

पावसाळ्यात ताम्हिणीला जाणार असाल, तर हबपासून वर येणारी वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोल देऊन वर घ्या. पाणी झोलावरून ठिबकतं, डब्यात उतरत नाही. डब्याच्या तळाला एक बारीक भोकही ठेवा.

आणि पंक्चर काढायला पुढचं चाक उतरवण्याआधी हबचं कनेक्टर काढा. घाईत चाक खेचलं की वायर मुळातून तुटते, तीही नेमकी अशा जागी जिथे सोल्डरिंग गनसाठी प्लग नसतो.